शुगरची वही

गेल्या गुरुवारी दांडिया बाजारातले काका प्रयोगशाळेत आले. नात्याचे नाहीत, वाड्यातले शेजारी. सातवी-आठवीत त्यांनीच माझं गणित घेतलं. काकूंना जाऊन आठ महिने झाले. स्वादुपिंडाचा कर्करोग. कळला तेव्हा यकृतात पसरलेला होता. "तू त्याच्यावरच काम करतेस ना? मला बघायचाय तो," असं काका फोनवर म्हणाले आणि मला नाही म्हणवेना.

पेशी वाढवतो त्या खोलीत बाहेरच्यांना नेत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली रात्रभर घेतलेली फिल्म संगणकावर लावली. जेलीसारख्या पारदर्शक जेलमध्ये पेशींचा एक गोळा होता. त्यात लाल दिसतात त्या कर्करोगाच्या पेशी आणि हिरव्या त्या स्टेलेट पेशी. या हिरव्या निरोगी स्वादुपिंडातही असतात, अ जीवनसत्त्वाचे थेंब साठवून गप्प पडून असतात. कर्करोग झाला की जाग्या होतात, थेंब हरवून बसतात आणि चिवट तंतू विणत सुटतात. गाठ इतकी घट्ट होते की औषध आत धड पोचत नाही.

आठव्या-नवव्या तासाला गोळ्याच्या कडेतून एक हिरवी पेशी बाहेर आली. लांबट झाली, जेल ओढत पुढे सरकली. तिच्या मागोमाग, त्याच वाटेनं, एक लाल. मग आणखी दोन. सकाळपासून मी हे चार वेळा पाहिलं होतं, तरी काकांच्या शेजारी बसून बघताना पोटात खड्डा पडला.

"या लाल पेशी कुणाच्या गं?"

"५६ वर्षांच्या एका पुरुषाच्या. सत्तरच्या दशकापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत."

काकांनी चष्मा काढून पुसला. "मग त्या हिरव्यांनाच मारा की!"

आम्हालाही तसंच वाटायचं. पण २०१४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हे तंतूंचं वेष्टण कमी केलं, तर गाठी उलट जास्त आक्रमक झाल्या. या पेशी वाट करून देतात, तसा बांधही घालतात. म्हणून त्यांना मारण्याऐवजी पुन्हा झोपवता येईल का, ते शोधतोय. अ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या एका औषधाच्या रुग्णांवर चाचण्याही झाल्या आहेत. काका एकेक शब्द कान देऊन ऐकत होते.

मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. रेघा मारून आखलेली, तारीख, उपाशीपोटीची साखर, वजन. काकूंना बासष्टाव्या वर्षी मधुमेह निघाला तेव्हापासूनची. साखर चढत गेलेली आणि वजन ६८, ६५, ६१. "आम्हाला वाटलं, पथ्य लागू पडतंय. भात सोडला होता तिनं. तेव्हाच कळलं असतं का?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "काका, ही खूण असू शकते. पण पन्नाशीनंतर नव्यानं मधुमेह निघालेल्या शंभरांतल्या साधारण एकालाच पुढच्या तीन वर्षांत हा कर्करोग निघतो. साखर चढतेय आणि वजन उतरतंय, अशा माणसाकडे मात्र जास्त लक्ष द्यायला हवं. तो एक कसा ओळखायचा, यावर लोक काम करताहेत."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती फिल्म परत लाव."

या वेळी हिरवी पेशी बाहेर पडताना त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि ती सरकेल तसं बोटही सरकवत नेलं.

निघताना वही माझ्या टेबलावरच ठेवली. "राहू दे तुझ्याकडे. शेवटची चार पानं कोरी आहेत."