ओटा विरुद्ध कोंबड्या: पावसाळ्यानंतरचं अपडेट

मंडळी, कोंबड्या मोकळ्या सोडायच्या आणि तरी ओटा स्वच्छ ठेवायचा, हे जमतंय बरं का. पूर्ण नाही पण बरंचसं, आणि पावसाळ्यापूर्वीच्या मानाने तर खूपच फरक आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, नाशिकजवळ मखमलाबादला मळ्यात घर आहे, कळपात गावरान, दोन गिरिराज आणि कडकनाथच्या तलंगा (तरुण माद्या), समोर शहाबादी फरशीचा लांब ओटा आणि त्यावर झोपाळा. त्या झोपाळ्याच्या दांडीवर संध्याकाळी सगळ्या ओळीने बसायच्या आणि सकाळी खाली काय असायचं ते तुम्हाला माहितीये. कोंबडीची रात्रभराची शीट एकाच जागी साचते ना, म्हणून रात्री बसायची जागा बदलली की निम्मी घाण तिथेच मिटते. माझा सगळा भर त्यावरच होता.

मला पहिल्यापासून वाटत होतं की हाकलून काही होणार नाही, कोंबडी ओट्यावर का येते ते बघायला पाहिजे. पावसात अंगणात चिखल असतो आणि ओटा कोरडा, तिथे सावली आहे, बसायला उंच जागा आहे आणि वरून आई तिथेच तांदूळ निवडते आणि कण्या खाली टाकते. म्हणजे कोंबडीला जे जे पाहिजे ते सगळं आपणच तिथे मांडून ठेवलेलं. मग तेच सगळं दुसरीकडे द्यायचं ठरवलं.

खुराड्याला लागून पत्र्याची पडवी काढली, पावसाची झड येते त्या बाजूंना शेडनेट लावलं. एका कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची राख, लोळायला. ही जागा त्यांना इतकी आवडली की दुपारी तिथेच पाय पसरून पडलेल्या असतात, बघत बसावंसं वाटतं. आत बसायला दोनेक इंच रुंदीची लाकडी पट्टी लावली, कडा घासून गोल केलेली. पट्टी अंडी घालायच्या खोक्यापेक्षा उंच पाहिजे हे लक्षात ठेवा, नाहीतर त्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. पट्टीखाली भाताचं तूस पसरलंय, ते गोळा करून कंपोस्टच्या खड्ड्यात, ताजं कोंबडखत झाडाला थेट घालू नका, मुळं जळतात.

नवीन जागेची सवय लागेपर्यंत सगळ्यांना काही दिवस आतच ठेवलं. आता दुपारी सोडतो, कारण बहुतेक अंडी सकाळीच घालून होतात, मग ओट्यावरच्या कुंड्यांत अंडी शोधत फिरायला लागत नाही. संध्याकाळचे दाणे फक्त खुराड्यात, डबा खळखळवला की पळत येतात. आईलाही सांगितलं, आई कण्या तिकडेच टाक, आता ती स्वतःच डबा घेऊन जाते.

ओट्याच्या कडेला जाळी पण आहे. आपल्याकडे द्राक्षबागेची पक्ष्यांची जाळी घरोघरी पडलेली असते पण ती जमिनीपर्यंत लावू नका, धामण, नाग त्यात अडकून मरतात. मी खाली कोंबडीजाळी लावली आणि वर बागेची जाळी, एकूण साडेचार फूट. वरच्या कडेला बांबू किंवा पाइप मुद्दाम दिला नाही, कडा ढिली ठेवली, कारण टणक कड दिसली की कोंबडी आधी तिच्यावर उडी मारून बसते आणि मग आत उतरते.

शेजारच्या काकूंनी मिरचीपूड टाकायला सांगितली होती. ती टाकायची नाही असं मी त्यांना समजावलं, पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, म्हणून तर पोपट मिरच्या खातो, त्रास होतो तो माणसांना आणि कुत्र्याला. पंख कापायचं पण बऱ्याच जणांनी सुचवलं. एकाच पंखाची लांब पिसं कापली की तोल जातो आणि उडता येत नाही, पिसं झडली की नवीन येतात, दुखत नाही हे सगळं खरंय. पण आमच्याकडे मुंगूस येतं, मोकाट कुत्री येतात, कडकनाथ उडते म्हणूनच वाचते, तिचा तो एकमेव बचाव मी काढून घेणार नाही.

फरशीबद्दल महत्त्वाचं. शहाबादी म्हणजे चुनखडी दगड, त्यावर ॲसिड किंवा व्हिनेगर टाकलं की पॉलिश जाऊन डाग कायमचा बसतो. ओल्या शीटेवर राख टाका, सुकली की पत्र्याने खरवडा, मग साध्या साबणाच्या पाण्याने धुवा. लहान मुलं ओट्यावर खेळत असतील तर हात धुवायला लावाच.

आता बाकी काय राहिलं तर एक जुनी गावरान, ती अजून जाळीला वळसा घालून पायरीवरून येते, तिला पायरीशी छोटं फाटक करतोय. आणि थंडी सुरू झाली की ओट्यावर सकाळचं ऊन येतं, नाशिकची थंडी माहितीये ना, ऊन खायला सगळ्या परत इकडेच येणार. म्हणून पडवीच्या पूर्वेकडचं शेडनेट काढून ती बाजू मोकळी करणार आहे. कोणी हे आधी केलं असेल तर रात्रीच्या गार वाऱ्यासाठी काय लावलं ते सांगा, गोणपाट की ताडपत्री?