नवी गाडी जपली आणि डबा चोक केला: माझा अनुभव

एका वायरसाठी माझी गाडी चार दिवस उभी राहिली. त्यातले तीन दिवस मी सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या खोलीत, कूलरसमोरच्या निळ्या खुर्चीत काढले. त्याच आठवड्यात बँकेचा हप्ताही कापला गेला. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा हे जरा तिखटच होईल.

आमच्याकडे दोन सहा चाकी गाड्या, डिझेलचे ट्रक. एक २०१८ ची, बीएस-४, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या सरकारी नियमांचा चौथा टप्पा. दुसरी २०२२ ची, बीएस-६. बीएस-६ देशभर लागू झालं १ एप्रिल २०२० ला. मधलं पाच नंबरचं पाऊल आपण गाळलंच. जुन्या गाडीला साधा सायलेन्सर आहे. नवीला चेसिसच्या बाजूला भलामोठा डबा आहे, त्यात काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ. आता माणूस काय करतो? नवी गाडी जपतो. मीही जपली. अमरावती-अकोल्याची लांबची भाडी जुनीला लावली आणि नवी नागपुरातच, नजरेसमोर ठेवली. कळमना ते वाडी, वाडी ते हिंगणा एमआयडीसी, फार तर बुटीबोरी. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, त्यातही निम्मा वेळ रांगेत. मिरचीच्या दिवसांत कळमन्याच्या गेटवर इंजिन चालू ठेवून दोन-दोन तास. गाडीची दगदग होत नाही, असा माझा हिशोब होता.

हा हिशोब साफ उलटा आहे, हे गाडी घेताना कोणी सांगितलं नाही. पेढे दिले, हार घातला, किल्लीचा मोठा पुठ्ठा हातात देऊन फोटो काढला. डब्याबद्दल एक वाक्य: "तो आपोआप साफ होते."

तेरा एप्रिलला संध्याकाळी पारडीच्या पुलावर गाडी ओढेना. गाडीत माल होता, पण अति नव्हता. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी मागून सायकलवाला पुढे जाईल अशी चाल. ड्रायव्हरचा फोन आला, "भाऊ, पिकअप गेला, अन् इंजिनचा दिवाबी लागला." मी विचारलं, आधी काही दिवा लागला होता का? म्हणाला, तो सायलेन्सरसारखा दिवा तर आठ दिवसांपासून लागून रायला होता, मी युरिया टाकला ना. युरियाचा आणि या डब्याचा संबंध नाही, हे त्याला माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हतं. युरियाचं पाणी फिल्टरनंतरच्या वेगळ्या भागात नायट्रोजनचे वायू मारायला जातं. काजळीशी त्याचं काही देणंघेणं नाही. दोन्ही दिवे वेगळे आहेत, ड्रायव्हरला बोटाने दाखवून ठेवा.

चौदा एप्रिलला सुट्टी, ती धरायची नाही. पंधराला सकाळी साडेनऊला मी काउंटरवर हजर. इथून खरी कथा.

जॉब कार्ड बनायला अकरा वाजले. लॅपटॉप लावणारा मुलगा एकच, तो जाम रोडवर ब्रेकडाउनला गेलेला. "जेवणानंतर येईल." जेवणानंतर आला तो साडेचारला. लॅपटॉप लावला, पडद्यावर बिघाडाच्या कोडांची रांग. मी विचारलं, हे सगळे काय? "फिल्टर चोक झाला की असे येतातच." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे महागात पडलं. मग तो म्हणाला, उभ्या गाडीवर रिजन मारावं लागेल, म्हणजे लॅपटॉपमधून हुकूम देऊन डब्यातली काजळी जाळायची. पण टाकीत डिझेल कमी आहे, एवढ्यावर सुरूच होणार नाही. डिझेल आणायचं मी सकाळपासून बसलो होतो तेव्हा का नाही सांगितलं, असं विचारलं तर तो लॅपटॉपकडेच बघत राहिला. कॅन घेऊन पंपावर गेलो, आलो, तोवर सहा वाजले आणि शटर खाली.

सोळा तारीख. बाहेर त्रेचाळीस डिग्री. गाडी मोकळ्या जागेत घेतली, हँडब्रेक, न्यूट्रल, इंजिन गरम. रिजन सुरू झालं. इंजिनचा आवाज आपोआप चढला, डब्यापाशी हवा हलताना दिसायला लागली. दहा मिनिटं, बारा मिनिटं, आणि धप्पकन आवाज खाली. पडद्यावर लाल पट्टी. परत थंड होऊ दिलं, दीड तासाने पुन्हा सुरू केलं. पुन्हा बाराव्या-तेराव्या मिनिटाला बंद. मी खुर्चीतून उठून काचेला नाक लावून बघत होतो, बायको लेबर रूममध्ये असल्यासारखा.

संध्याकाळी ॲडव्हायझरने बोलावलं. एसीत बसवलं, पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच कळलं की आकडा मोठा असणार. "सर, फिल्टर संपला. नवीन टाकावा लागेल." दीड लाखाच्या आसपासचं एस्टिमेट. वॉरंटी? "चोक होणं वॉरंटीत येत नाही, ते वापरण्यावर असतं सर." पार्ट पुण्याहून, आठ दिवस. सही करा. मी म्हटलं, डबा उघडून पाहिला का? नाही. काढून वजन केलं का, हवा मारून पाहिली? नाही. मग संपला हे कोणी ठरवलं? "सिस्टीम दाखवते सर."

सही केली नाही. मला त्यातलं कळत होतं म्हणून केली नाही असं अजिबात नाही. दीड लाख खिशात नव्हते, एवढंच कारण.

बाहेर पडताना गेटवर एका परिचित ट्रान्सपोर्टरने दुसरी वाट दाखवली. वाडीकडे एक जण डबा आतून पोकळ करून देतो आणि लॅपटॉपमधून फिल्टरच बंद करतो, संध्याकाळपर्यंत गाडी तुमची. रात्रभर मनात तेच घोळत होतं, खोटं कशाला सांगू. पण ते बेकायदेशीर आहे, पुढे फिटनेसला, वॉरंटीला, कुठे ना कुठे अडतंच. आणि आमचं घर रस्त्याला लागून आहे, काळा धूर पोरांच्याच नाकात जातो.

सतरा तारखेला सकाळी तिथले जुने फोरमन काका रजेवरून परतले. ॲडव्हायझरने त्यांना माझ्याकडे पाठवलं नव्हतं. मीच चहाच्या टपरीवर गाठलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "भाऊ, तुमी गाडी चालवून रायले का नुसती फिरवून रायले?"

कळमना-वाडी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि चहाच्या ग्लासवर बोट ठेवून समजावलं. फिल्टर म्हणजे सिरॅमिकचं पोळं. त्याच्या नळ्या एकाआड एक बंद, म्हणून धुराला भिंतीतूनच झिरपून बाहेर पडावं लागतं आणि काजळी आत राहते. भरलेली गाडी हायवेवर एका चालीत धावली की धूर तीनशे-साडेतीनशे डिग्रीपर्यंत तापतो. फिल्टरच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिस्टमध्ये (धुरावर रासायनिक क्रिया घडवणाऱ्या भागात) तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड तेवढ्या उष्णतेत काजळी हळूहळू खात राहतो. ना दिवा लागत, ना ड्रायव्हरला पत्ता. "आपोआप साफ होते" ते हे. तेवढ्याने भागलं नाही की फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक वाढतो, सेन्सर ते बघतो, आणि गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून धूर साडेपाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत नेते. वीस मिनिटं ते अर्धा-पाऊण तास. यालाही गाडी चालती हवी. रांगेत उभ्या इंजिनाचा धूर शे-दीडशे डिग्रीच्या वर जात नाही, त्यात काजळी नुसती साचते. आमचा ड्रायव्हर म्हणत होता, नागपूरच्या उन्हात डबा तसाच जळून साफ होईल. काका हसून म्हणाले, पंचेचाळीस अन् साडेपाचशेत फरक हाय ना बावा.

मग ते खाली शिरले. रिजन सुरू करायला सांगितलं, पण या वेळी पडद्यावर फक्त तापमानाचे आकडे ठेवायला लावले. अकराव्या मिनिटाला एक आकडा नाचला आणि गायब. काकांनी डब्यामागची वायर हलवली, आकडा परत. पुन्हा सोडली, गायब. तापमानाच्या सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली, एक तार कशीबशी टिकलेली. आवाज चढून थरथर वाढली की तुटायची. डबा किती तापला हे दिसत नाही म्हटल्यावर गाडी डिझेल सोडणं बंद करते, आणि तेच बरोबर आहे. कोड पहिल्या दिवशीच पडद्यावर होता. "असे येतातच" मधला एक.

वायर जोडली. रिजन पस्तीस मिनिटं चाललं, करपट वास, जवळ उभं राहवेना. दाब खाली आला, दिवे विझले. बिल काही हजारांचं, त्यात लॅपटॉपचे पैसे तीनदा लावले होते. दोन काढायला लावले. ॲडव्हायझर नंतर दिसला नाही.

मग घरी येऊन ड्रायव्हरची उलटतपासणी केली, तेव्हा दुसरं लफडं बाहेर आलं. मार्चअखेरीस सावनेरकडच्या एका जिनिंगमधून गाठी उचलल्या होत्या. तिथे वॉचमनने बजावलं होतं, कापूस पसरलाय, सायलेन्सर तापू देऊ नका. याने डॅशबोर्डवरचं रिजन थांबवायचं बटण दाबलं. शहाणपणाचंच केलं. पण आमच्या गाडीत ते परत दाबेपर्यंत तसंच राहतं, आणि पंधरा दिवस ते तसंच होतं. म्हणजे रस्त्यावर थोडंफार जे जळलं असतं, तेही नाही. कापूस, वाळलं गवत, पेट्रोल पंप सोडला की बटण परत दाबायचं.

आणखी आठवतं ते सांगतो. रिजन चालू असताना थांबलात तर लगेच किल्ली फिरवू नका, मधेच तोडलेलं रिजन पुन्हा पुन्हा होत राहिलं की जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंदू नका, वास घ्या. ऑइल कंपनीने सांगितलेलं कमी राखेचंच घ्या, कारण काजळी जळते पण ऑइलची राख जळत नाही, ती डब्यातच बसते आणि काही लाख किलोमीटरनंतर डबा काढूनच साफ करावी लागते. त्या साफसफाईला आणि नवीन फिल्टरला एकच समजणारे लोक काउंटरवर असतात. एस्टिमेट आलं की तापमान आणि दाबाचे आकडे पडद्यावर दाखवा म्हणा, मोबाइलवर फोटो काढा. आणि जाताना टाकी निम्मी तरी भरून न्या.

आता नवी गाडी आठवड्यातून एकदा भरून अमरावतीला जाते, जुनी कळमना-वाडी करते. परवा नव्या गाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला, कोंढाळी सोडली तसा दिवा लागला अन् कारंजाच्या आत आपोआप विझला. जुन्या गाडीचा ड्रायव्हर मात्र चार दिवस बोलला नाही. लांबच्या भाड्याचा भत्ता त्याचा गेला ना.