चौदा मीटर रस्ता आणि आईची काठी

आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात ते मेडिकल आमच्या घरासमोरच. मध्ये 14 मीटरचा रस्ता, दुभाजक नाही. एका संध्याकाळी ती अर्ध्यावर अडकली, पुढूनमागून गाड्या, आणि मी गॅलरीतून नुसती बघत होते. त्याच आठवड्यात झेब्रा क्रॉसिंगसाठी अर्ज दिला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं: जागा चौकात नाही, पादचारी पुरेसे नाहीत. पुरेसे म्हणजे किती? एका कनिष्ठ अभियंत्याने रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचारी सुविधांची पुस्तिका समोर ठेवली, आयआरसी 103, 2012 ची आवृत्ती. गर्दीच्या तासातले पादचारी गुणिले वाहनसंख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार 10 कोटींच्या वर गेला, तर चौक नसला तरी क्रॉसिंगची मागणी रास्त ठरते, असं त्यात होतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

मग आम्ही मोजलं. संध्याकाळी 6 ते 7, सलग तीन दिवस. सूत्रात वाहनांचा वर्ग आहे, तिथली चूक फार महाग पडते, म्हणून वाहनं मोजायला दोघीजणी बसवल्या. शेजारच्या काकू पाचा-पाचाच्या रेघा मारत होत्या. सर्वांत कमी गर्दीच्या दिवशीही 214 माणसं आणि 960 वाहनं भरली. गुणाकार 19 कोटींच्या पुढे गेला.

अभियंते आणि वाहतूक पोलिसांच्या संयुक्त पाहणीत क्रॉसिंग 70 मीटर पुढे, बसथांब्यापलीकडे सुचवलं गेलं. मी तक्ता दाखवला: 214 पैकी 180 जण मेडिकलसमोरूनच ओलांडतात. वाहतूक हवालदारही म्हणाले, "ताई बरोबर सांगतात, एवढा वळसा कोणी घालत नाही." माझं ठाम मत आहे, पट्टे माणसं चालतात तिथेच हवेत.

दुसरा मुद्दा वेळेचा. हिशेबात चालण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात, म्हणजे 14 मीटरला 12 सेकंद. आईला 25 लागतात, मी घड्याळ लावून पाहिलं होतं. म्हणून मध्ये थांबायला बेट मागितलं, म्हणजे तिला एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघाव्या लागतील. पट्ट्यांच्या अलीकडचं पार्किंगही हटवायला सांगितलं. उभ्या टेम्पोआडून येणारं मूल गाडीवाल्याला दिसतच नाही.

पट्टे आले, बेटही आलं. पण बेटाची कड सहा इंच उंच, काठी टेकून चढता येईना. पुन्हा अर्ज, पुन्हा फेऱ्या. शेवटी मधला भाग फोडून रस्त्याच्या पातळीला आणला. त्या दिवशी आई एकटी गेली, बेटावर थांबली, एक बस जाऊ दिली आणि मग पुढे निघाली.