दाजीपूरची शीळ आणि एक कुजका ओंडका

पावसाळ्यात दाजीपूर अभयारण्याचं गेट बंद असतं. तरी गेलो, कारण गवे बघायचेच नव्हते. शीळकरी कस्तूर हा पक्षी ऐकायचा होता. राधानगरी सोडून फोंडा घाटाच्या रस्त्याला लागलं, की कुठल्याही ओढ्यावर तो भेटू शकतो.

उजाडायच्या आतच पठ्ठ्यानं सुरुवात केली. शाळा बुडवून निघालेलं पोर शीळ घालत चालावं तसा सूर. आता जमला म्हणावं तर भलतीकडेच वळतो. उजेड आल्यावर दिसलाही. काळपट निळा, कपाळावर आणि खांद्यावर झगझगीत निळाई. कातळावर खेकडा आपटत होता.

काठावरच एक कुजका ओंडका आडवा पडलेला, त्यावर पांढऱ्या अळंब्यांची रांग. वाकून बघायला लागलो तसे आमचे यजमान काका म्हणाले, "कुत्र्याची छत्री हाय ती. हात लावू नगा. पाऊस उघडला की ह्यो चुलीत जाणार."

कस्तुराची मला काळजी नाही. ओढा आटला नाही म्हणजे झालं. तो घराच्या आडोशालासुद्धा घरटं करतो. बुरशीला मात्र अशी तडजोड जमत नाही. वर दिसते ती छत्री चार दिवसांची, खरा जीव लाकडाच्या आत, धाग्यांच्या जाळ्यात. लाकूड गेलं की तोही गेला. ब्रिटनमध्ये हेरिसियम एरिनेसियस ही बुरशी मुख्यतः जुन्या बीच वृक्षांवर येते आणि इतकी दुर्मिळ आहे, की १९८१ च्या वन्यजीव कायद्यानं ती तोडायला बंदी आहे. गंमत म्हणजे हीच बुरशी लागवड करून 'लायन्स मेन' नावानं डब्यात भरून विकतात. आपल्याकडेही ऑनलाइन मिळते. डबे वाढले म्हणून जंगलातली वाढत नाही.

शिवाय पक्षी ओरडून हजेरी लावतो. कुठली जात किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत पक्ष्यांच्या झाडून साऱ्या, अकरा हजारांवर जाती तपासून झाल्यात. बुरशांच्या मार्च २०२५ मध्ये कुठे १,३०० झाल्या, त्यातल्या ४११ धोक्यात. नाव मिळालेल्याच दीड लाखाच्या घरात आहेत! दाजीपुरातल्या ओंडक्याला कोण विचारतो?

निघताना काकांना म्हटलं, "एवढा एक ओंडका राहू द्या की."

"ऱ्हाऊ दे की," काका म्हणाले. "मग थंडीत पाणी तापवायला लाकडं तुम्ही आणून देताय न्हवं?"