चौथी लेन्स बसली

संकष्टीच्या रात्री गच्चीवर आई चंद्राला अर्घ्य देत होती. मी सहज डावा डोळा झाकून उजव्याने वर पाहिलं, तर एकाखाली एक तीन चंद्र. चष्मा पदराने पुसून पुन्हा पाहिलं. तीनच.

त्याआधीच्या वर्षभरात माझा चष्मा तीनदा बदलला होता. दर वेळी दुकानात उजव्या डोळ्याचा सिलिंडर नंबर, म्हणजे डोळ्याच्या असमान वक्रतेसाठीचा नंबर, वाढलेला निघायचा. दीडवरून तो साडेचारवर गेला आणि दर वेळी मला एकच उत्तर मिळालं, 'सवय होईल.' डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, असं एकदाही कुणी म्हणालं नाही. याचा मला अजून राग आहे, कारण तेच वर्ष हातातून गेलं. मी तासगावला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. स्ट्रिपच्या कडेला दाबून उमटवलेली एक्स्पायरी वाचायची तर स्ट्रिप डाव्या डोळ्याजवळ न्यावी लागायची. गिऱ्हाइकाच्या हातात चुकीचं औषध जाईल या धास्तीने मी प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचायचे.

शेवटी मिरजेला गेले. तिथे टोपोग्राफी केली. यंत्रात हनुवटी टेकवायची, समोरच्या दिव्याकडे न हलता बघायचं, की पडद्यावर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा, रंगीत नकाशा येतो. माझ्या उजव्या डोळ्याच्या नकाशात मधल्यापेक्षा जरा खाली लालभडक डाग होता. आजाराचं नाव केराटोकोनस. कॉर्निया पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. जाडी साधारण 540 मायक्रॉन असते, माझी सर्वांत पातळ जागी 452 भरली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "डोळे चोळता का?" चोळायचे. शाळेपासून. धुळीने डोळे खाजले की बोटांचे पेर डोळ्यात खुपसून चोळायचे, आणि त्याने फार बरं वाटायचं.

आजार पुढे सरकू नये म्हणून आधी सी-थ्री-आर, म्हणजे कॉर्निया मजबूत करणारा उपचार, झाला. अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब, मग अतिनील प्रकाश. ते तीन दिवस दुखलं, नंतर नाही. पण त्याने नजर परत येत नाही, आजार थांबतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. नजरेसाठी लेन्स. आणि तीही कॉलेजच्या मुली घालतात तसली मऊ नाही, आरजीपी, म्हणजे कडक पण हवा आत सोडणारी.

तीन महिन्यांनी लेन्स बसवायला गेले. तिथल्या ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून लेन्स बसवणाऱ्या, मॅडम आईच्या वयाच्या. त्यांनी ट्रायल लेन्सची पेटी उघडली. शर्टाच्या बटणापेक्षाही छोट्या लेन्सच्या रांगा, प्रत्येकीवर वक्रतेचा आकडा. मी विचारलं, "चष्म्याने जे जमलं नाही ते हिने कसं जमणार?" त्या म्हणाल्या, "हे बघा, फरशी ओबडधोबड असली तरी तिच्यावर पाणी साचलं की वरून सगळं सपाट दिसतं ना? लेन्स आणि बुबुळ यांच्यामधल्या खड्ड्यात तुमचे अश्रू भरतात. मग प्रकाशाला पुढून लेन्सची गुळगुळीत बाजू मिळते."

पहिल्या लेन्सआधी त्यांनी डोळा सुन्न करणारा एक थेंब टाकला. तरी लेन्स आली तशी पापणी फडफडायला लागली आणि नाकावरून पाणी ओघळलं. "खाली बघा. गुडघ्याकडे बघत राहा." खाली बघितलं की टोचणं कमी होतं, हे नंतर लेन्स घालायला लागल्यावर पहिले पंधरा दिवस मला फार उपयोगी पडलं. वीस मिनिटांनी त्यांनी केशरी कागदाची पट्टी डोळ्याला लावली आणि निळ्या दिव्यात पाहिलं. त्या रंगाने अश्रू हिरवे चमकतात. जिथे लेन्स बुबुळाला टेकते तिथे काळं दिसतं. मला बघायचं होतं, म्हणून त्यांनी फोटो काढून दाखवला. मधोमध मोठा काळा ठिपका आणि कडेने हिरवं पाणी. लेन्स जास्त पसरट होती, शंकूच्या टोकावर नुसती डोलत होती. मी जोरात पापणी मिटली आणि ती मांडीवर पडली.

दुसरी फार खोल निघाली. मध्ये हिरवं तळं आणि त्यात हवेचा बुडबुडा. तिसरी बरी होती, पण टोकाला घासत होती आणि खालची कड उचललेली. मला वाटलं, जमेल की, चालवून घेऊ. मॅडमनी मान हलवली. टोकाला घासणारी लेन्स रोज घातली तर तिथे व्रण पडू शकतो, आणि तो मधोमध असला तर नजर कायमची कमी होते. एवढं बोलून त्यांनी चौथी लेन्स काढली. दुपारचे दोन वाजले होते, त्यांचा डबा टेबलावर तसाच होता. चौथीला मध्ये पुसट, पिसाचा स्पर्श झाल्यासारखी काळसर छाया आणि कडेने एकसारखी हिरवी रेघ. "ही बसली," त्या म्हणाल्या. 6.6 मिलिमीटर वक्रतेची.

मग तक्ता. चष्म्याने उजवा डोळा 6/24 वर अडकायचा, म्हणजे इतरांना 24 मीटरवरून वाचता येतं ते मला 6 मीटरवरून. लेन्सवर थोडा नंबर लावून मी 6/9 ची ओळ वाचली. अक्षरांना शेपट्या नव्हत्या. मी गप्प बसले, कारण बोलले असते तर रडू आलं असतं.

माझ्या मापाची लेन्स दहा दिवसांनी आली. घालायला मी लवकर शिकले. टेबलावर आरसा आडवा ठेवायचा, वरून वाकायचं, दोन्ही पापण्या दोन हातांच्या बोटांनी धरायच्या. काढायला मात्र तीन दिवस लागले. डोळ्याचा बाहेरचा कोपरा कानाकडे ताणून पापणी मिटली की लेन्स तळहातावर पडते. मी हळू ताणायचे म्हणून पडायची नाही. पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज तासाने वाढ. नळाचं पाणी लेन्सला लावायचं नाही, डबीलाही नाही. त्यातल्या जंतूने कॉर्नियाला होणारा संसर्ग फार चिवट असतो. बेसिनपाशी लेन्स घालायची-काढायची असेल तर आधी भोक बंद.

एसटी स्टँडवरची धूळ हा खरा त्रास. एक कण लेन्सखाली गेला की डोळा उघडवत नाही. आता गॉगलशिवाय बाहेर पडत नाही, आणि चष्म्याची उजवी काच बिननंबरची करून घेतली आहे. दुकानात मात्र स्ट्रिप सरळ हातात धरून वाचते.

परवा जेवताना धाकटा भाऊ डोळे चोळत होता, तसाच, पेर खुपसून. मी त्याचा हात धरून खाली घेतला. बुधवारी त्याची मिरजेला टोपोग्राफी आहे.