विविधतेची सुरुवात हजेरीपटापासून

प्राथमिक वर्गात सांस्कृतिक विविधता शिकवायची म्हटले, की बहुतेक शाळांना आधी वेशभूषेचा दिवसच आठवतो. मुले भाड्याचे पोशाख घालून येतात, भिंतीवर झेंडे लागतात, पालक छायाचित्रे काढतात आणि दुसऱ्या दिवशी वर्ग पुन्हा वजाबाकीकडे वळतो. अमेरिकेतील बालशिक्षणतज्ज्ञ लुईझ डर्मन-स्पार्क्स यांनी १९८९ मध्येच या पद्धतीवर ‘पर्यटकी अभ्यासक्रम’ अशी टीका केली होती. मला ती पूर्णपणे पटते, कारण अशा दिवशी मुलांना इतरांचे सणच तेवढे दिसतात. त्यांचे रोजचे जगणे नजरेआडच राहते.

त्यापेक्षा हजेरीपट घेऊन बसावे. आडनाव नावानंतरच येते, हे लहान मुलांना निसर्गनियमासारखे वाटत असते. हंगेरी, चीन आणि जपानमध्ये ते आधी येते. आइसलँडमध्ये तर बहुतेकांना पिढीजात आडनावच नसते, वडिलांच्या किंवा आईच्या नावापुढे मुलगा वा मुलगी असा अर्थ सांगणारा प्रत्यय लागतो आणि त्यामुळे सख्ख्या भावाबहिणींची नावेही वेगळ्या तऱ्हेने संपतात. एवढे सांगितले, की आपापल्या नावाकडे मुले प्रथमच कुतूहलाने पाहू लागतात.

गणिताच्या तासाला तर साधनेही लागत नाहीत. बोटांवर मोजायला सांगितले, तर कुणी अंगठ्यापासून सुरुवात करतो, कुणी तर्जनीपासून, कुणी करंगळीपासून. कुणी मिटलेली बोटे उघडत जातो, तर कुणी उघडी बोटे मिटत. चार बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवणारा एकाच हातावर बारापर्यंत पोहोचतो, आणि चीनमधील हातखुणांनी एका हातावर दहापर्यंतचे आकडे दाखवता येतात. उत्तर सगळ्यांचे सारखेच येते, रीत तेवढी निराळी. आणि हे मुलांना व्याख्यानाशिवाय समजते. (शिक्षकांनी स्वतःची पद्धतही करून दाखवावी, नाहीतर आपली ती सरळ आणि बाकीच्या गमतीदार, असा ग्रह होतो.)

एक पथ्य मात्र कसोशीने पाळायला हवे. एखाद्या मुलाला उभे करून ‘तुमच्या लोकांत काय करतात?’ असे कधीही विचारू नये. सात वर्षांच्या मुलाला आपले घर ठाऊक असते, अख्ख्या समाजाचे वकीलपत्र त्याच्याकडे नसते. शिक्षणाचे अभ्यासक लुइस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेले काम मला म्हणूनच मोलाचे वाटते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरात शिक्षक मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांच्या घरी गेले, ते उणिवा हेरण्यासाठी नव्हे, तर शेती, बांधकाम, दुरुस्ती, व्यापार यांतले त्या कुटुंबांचे ज्ञान समजून घेऊन त्यावर पाठ बेतण्यासाठी.

मुलांचे थेट प्रश्नही टाळू नयेत. त्वचेच्या रंगाविषयी विचारणाऱ्याला ‘असे बोलू नये’ म्हणून गप्प केले, तर त्या रंगातच काही लाजिरवाणे आहे असे त्याला वाटते. मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचे कमीअधिक प्रमाण, हे साधे उत्तर त्याला पुरते.

आमच्या वर्गात सगळी एकाच भाषेची मुले आहेत, मग विविधता कुठून आणायची, ही शंका वारंवार ऐकू येते. घरात मोठ्यांना काय म्हणून हाक मारतात, झोपताना गोष्ट कोण सांगते, रुसलेल्याची समजूत कशी काढतात, एवढे तीन प्रश्न त्याच वर्गात विचारून पाहावेत.