भिंत मुलांची, फ्रेम आमची

बडोद्यात दांडिया बाजारात बाबांनी फ्रेमचं दुकान काढलं, तेव्हा काम ठरलेलं असायचं. देवाच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो, आणि दिवाळीच्या आधी तडकलेल्या काचा बदलून देणं. पट्टी ४५ अंशांत कापायची, कोपरा जुळवायचा, मागे हार्डबोर्ड लावून चुका ठोकायच्या. बाबांनी जुळवलेल्या कोपऱ्यावरून नख फिरवलं तरी सांधा लागत नाही. मला तो हात यायला चार वर्षं लागली.

जुन्या मराठी घरांतून रविवर्म्यांच्या छापील चित्रांच्या तसबिरीही दुरुस्तीला यायच्या. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्यांकडून काढून घेतलेली मूळ चित्रं राजवाड्यात राहिली. लोकांच्या देवघरात गेली ती रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या छापखान्यातली. काच उतरवली की बाबा माझ्या हातात भिंग द्यायचे. लक्ष्मीच्या गालावर गुलाबी, पिवळे, तपकिरी ठिपके दिसायचे. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि एकावर एक छाप. "आधी लांबून बघ, मग जवळून," म्हणायचे. तेव्हा मला वाटायचं, बाबांना कामातून जरा उसंत मिळाली म्हणून दाखवतायत.

२०२० मध्ये शाळा घरात आली. मुलं दिवसभर स्क्रीनसमोर, आणि त्यांच्या पाठीमागची भिंत सगळ्या वर्गाला दिसायची. दुकान पुन्हा उघडल्यावर वाघोडिया रोडवरच्या एक ताई नववीतल्या लेकीला घेऊन आल्या. खोलीत काहीतरी रंगीत हवं होतं. ताईंनी फोटो काढूनच आणले होते: बक्षीस घेताना, गणवेशात, मामाच्या लग्नात. मुलगी एक शब्द बोलेना. ताई फोनवर बोलायला बाहेर गेल्या, तेव्हा तिने आपला मोबाइल पुढे केला. गरब्यात गिरकी घेतानाचे पाय, चणियाचा घेर हललेला. उत्तरायणात विजेच्या तारेला अडकलेला पतंग. ॲक्टिव्हाच्या सीटवर झोपलेलं मांजर. पोळी लाटणारे आजीचे हात, चेहरा नाहीच. "काकू, हे चालतील?" असं तिने इतक्या हळू विचारलं, की मला पुन्हा विचारावं लागलं.

तेच घ्यायचे असं मी ठरवलं, आणि ताईंना समजावलं. पण पहिलीच छपाई बिघडली, आणि चूक माझी होती. फोटो व्हॉट्सॲपवर मागवले, आणि त्यात लांब बाजूला १६०० पिक्सेलच उरले होते. भिंतीवर मोठं दिसावं म्हणून मांजराचा फोटो मी २० बाय ३० इंचात छापला. म्हणजे इंचाला जेमतेम ५३ पिक्सेल. नीट फोटोला २०० ते ३०० लागतात. मांजराच्या मिशांच्या पायऱ्या झाल्या होत्या. तो कागद टेबलावर पडलेला, शेजारी बाबांचं भिंग, आणि मला लक्ष्मीचा गाल आठवला.

फाइन आर्ट्सची एक विद्यार्थिनी तेव्हा सुट्टीत आमच्याकडे कामाला यायची. तिला विचारलं, ठिपकेच मोठे केले तर? तिने फोटो आधी काळा-पांढरा केला, मग सावलीला जांभळा आणि उजेडाला पिवळा असे दोनच रंग दिले, आणि वर वाटाण्याएवढे ठिपके. आता फोटो फुटायचा प्रश्नच नव्हता, कारण ठिपका हीच नक्षी झाली. जवळून पाहिलं तर नुसते गोल, दारातून पाहिलं तर झोपलेलं मांजर. बाबा आधी दारात गेले, मग टेबलाजवळ आले, आणि काही न बोलता पट्टी निवडायला लागले.

त्या मुलीच्या भिंतीवर शेवटी १२ चौकटी लागल्या, प्रत्येक १२ बाय १२ इंच, मध्ये दोन इंचांची फट. चार आडव्या, तीन उभ्या. ५४ इंच रुंद, ४० इंच उंच. तिचा पलंग सहा फुटी, त्यामुळे मांडणी त्याच्यावर बरोबर बसली. तिथूनच हा आमचा मुख्य धंदा झाला.

तेव्हापासून एक नियम आहे: मुलगा किंवा मुलगी स्वतः दुकानात आल्याशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही, आणि पहिला अर्धा तास आई-वडिलांनी समोर चहा प्यायला जायचं. यावरून माणसं रागावली आहेत, ऑर्डरी गेल्या आहेत. तरी मी नियम सोडत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी घरातलं बहुतेक सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं. रोज सकाळी डोळे उघडल्यावर काय दिसावं, एवढं तरी त्या मुलाचं असू दे. प्रमाणपत्रांना आम्ही सुंदर फ्रेम करून देतो, पण ती बाहेरच्या खोलीत लावा.

बाकी गोष्टी ठेचा लागूनच कळल्या. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगतो, म्हणजे पिक्सेल शाबूत राहतात. मोबाइलवरचा झगझगीत हिरवा कागदावर उतरत नाही. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागद खोलीतला उजेड परत करतो. म्हणून आधी ४ बाय ६ चा नमुना देतो, आणि तो मुलांनी आपल्याच दिव्याखाली बघायचा. एका पावसाळ्यात बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवरचे एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे, तुकडे फुगले. सगळे बदलून दिले, आणि अशा भिंतीला आता पाच मिलिमीटरचा सनबोर्डच, म्हणजे प्लास्टिक फोमची हलकी फळी. पश्चिमेच्या खिडकीसमोर शक्यतो लावत नाही, उन्हाने रंग उतरतो. डबल टेपने भिंतीचा रंग पोपडा होऊन निघतो, तेव्हा खिळा मारू देत नसतील तर दोरी आणि चिमटे. आणि ठोकण्याआधी वर्तमानपत्राचे तेवढेच चौकोन कापून भिंतीला चिकटवतो. मूल पलंगावर बसून बघतं, आणि बहुतेक वेळा म्हणतं, "जरा खाली घ्या." मोठ्यांच्या उभ्या नजरेने लावलेलं चित्र त्यांना फार उंच पडतं.

सध्या टेबलावर गोत्रीतल्या एका दहावीतल्या मुलाचं काम आहे. त्याच्या खिडकीसमोर वड आहे, आणि त्याने वर्षभर त्याच खिडकीतून त्याचेच फोटो काढलेत: पावसातला, धुळीतला, पारंब्यांना पतंग लटकलेला. आठ झाले, प्रत्येकाला दोन वेगळे रंग. नववा नवी पालवी फुटली की आणतो म्हणालाय. बाबा काल जाऊन नऊही हुक ठोकून आले.